पालेभाजी खा म्हणायचे, पण आणायची कुठून?



नर्सिंगचा डिप्लोमा घेऊन नोकरीला लागले तेव्हापासून एक वाक्य मी किती वेळा बोलले असेन याची गणती नाही. "रक्त कमी आहे, हिरव्या पालेभाज्या खात जा." गरोदर बाई समोर आली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, आत फिकट दिसले, की गोळ्यांची पट्टी हातात द्यायची आणि हे वाक्य म्हणायचे. पुढची बाई आली, पुन्हा तेच.

एका मार्च महिन्यात कांदा काढणीवरून थेट तपासणीला आलेल्या एका बाईने मला थांबवले. सातवा महिना, हिमोग्लोबिन ७.८. हाताला कांद्याचा वास तसाच होता. ती म्हणाली, "सिस्टर, गोळी खाते मी. पन तुमी भाजी भाजी करता, जुडी काय भावानं हाये ठावं हाये का? घरात सहा मानसं. एका जुडीत कुनाकुनाला वाढू? आधी मालकाला, मंग पोरांना. माझ्या वाट्याला निस्ता रस्सा."

मला उत्तर देता आले नाही. पगारदार माणसाला पालेभाजी स्वस्त वाटते. उन्हाळ्यात दहाची जुडी वीसवर जाते, तीही दुपारपर्यंत कोमेजते, आणि रोजाने जाणारी बाई बाजारात पोचते ती संध्याकाळी. नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करायला लागल्यावर मी पहिल्यांदा या बाईच्या प्रश्नाला हात घातला. आजचा लेख त्याबद्दलच आहे. फुलझाडांच्या हौसेचा हा विषय नाही. तो ताटाचा आणि रक्ताचा आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांमध्ये ५४ जणी रक्तक्षयाच्या निघाल्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण १०० मध्ये ६८ ते ६९ आहे. आपल्या गल्लीतली दहा बालके डोळ्यांसमोर आणा, त्यातली सहा-सात. दम लागणे, चक्कर, पोराचे अभ्यासात लक्ष नसणे, बाळंतपणात थोड्याशा रक्तस्रावाने बाईचा जीव धोक्यात येणे, या सगळ्यांच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या वर हवे, गरोदर बाईचे ११ च्या वर. ७ च्या खाली गेले तर भाजीपाल्याच्या गप्पा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

परस नसलेल्यांची परसबाग

परस म्हणजे घरामागची मोकळी जागा. आपल्या किती घरांना ती आहे? पुढचे दार गल्लीत उघडते आणि मागच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत लागलेली असते. ज्या समाजाला दादासाहेब गायकवाडांबरोबर १९५९ आणि १९६४ मध्ये नुसत्या पडीक जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंगात जावे लागले, त्या समाजाला "घरामागे वाफे करा" असे सांगणारी पुस्तके वाचून मला हसू येते. म्हणून आधी घर सोडून दाराबाहेर या आणि कुठे काय आहे ते पाहा. दाराशेजारची तीन फुटांची पट्टी, जिना, न्हाणीचे पाणी जाते ती बाजू, विहाराच्या कुंपणाच्या आतली जागा, अंगणवाडीचे आवार. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठे पडते ते एकदा बघून ठेवा. पाच-सहा तास ऊन मिळणारी जागा हवी. दुपारी एकनंतर सावली येत असेल तर उन्हाळ्यासाठी ती जागा सोन्यासारखी.

पत्र्यावर मात्र डबे मांडू नका. एक तर ओली माती फार जड असते, पंधरा लिटरचा डबा वीस किलोच्या पुढे जातो. दुसरे म्हणजे एप्रिलमध्ये पत्रा इतका तापतो की मुळे शिजतात. मी हे ऐकून सांगत नाही, करून सांगते. पहिल्या वर्षी मी मार्चच्या शेवटी मेथी, कोथिंबीर आणि पालक पेरला, कारण घरात याच तीन भाज्या आवडतात. डबे पत्र्यावर ठेवले. कोथिंबीर उगवलीच नाही, मेथी दोन पानांवर करपली आणि पालक बोटभर होऊन फुलोऱ्यावर आला. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यातच बरी होतीस."

चूक ऋतूची होती. शाळेच्या पुस्तकातला वसंत कोकिळेचा आणि मोहराचा असतो. कोपरगावचा वसंत म्हणजे पळस फुलला, लिंबाला पालवी आली, आणि पंधरा दिवसांत पारा चाळिशीला टेकला. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर ही थंडीची पिके. ती दिवाळीनंतर लावायची. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत जे लावायचे ते ऊन सोसणारे हवे: माठ, तांदुळजा, राजगिरा, भेंडी, गवार, चवळी, दोडका, घोसाळी, कारली, दुधी. यातला तांबडा माठ आणि तांदुळजा ही गरिबांची खरी साथीदार. पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत भाजी कापायला येते. भेंडी आणि गवार साधारण पन्नास दिवस घेतात, दोडका-कारली दोन महिने.

मी एक सोपा हिशोब ठेवला आहे. १० मार्चला सावित्रीमाईंचा स्मृतिदिन असतो. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करताच त्या गेल्या, म्हणून आम्हा नर्सना तो दिवस आपलाच वाटतो. त्या दिवशी माठ पेरायचा. तिथून १४ एप्रिलपर्यंत ३५ दिवस होतात. जयंतीच्या दिवशी घरात पहिली भाजी स्वतःच्या डब्यातली शिजते. वेलांचे बी मात्र त्याआधी, फेब्रुवारीतच टाकून मोकळे व्हावे. वेल उन्हाच्या आधी थोडा उभा राहिला पाहिजे.

डबा, माती, पाचट

विकतच्या कुंड्या लागत नाहीत. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, फुटका माठ, तडा गेलेले घमेले, खताची धुतलेली गोणी, फळवाल्याकडचा प्लॅस्टिकचा क्रेट, सगळे चालते. पालेभाजीला वीतभर माती पुरते, म्हणून तिला पसरट भांडे द्या. वेलाला आणि भेंडीला हातभर खोल हवे. बुडाला चार-पाच भोके पाडायची, वर विटांचे तुकडे.

काय वापरायचे नाही ते नीट ऐका. औषध फवारणीचे कॅन, रंगाचे डबे, इंजिन ऑइलचे डबे, बॅटरीची खोकी. कितीही धुतली तरी त्यातले विष मातीत उतरते आणि मातीतून पानात येते. शेतावर कामाला जाणाऱ्या आपल्या माणसांना मालकाकडून असे रिकामे कॅन फुकट मिळतात आणि ते घरात पाण्यालासुद्धा वापरले जातात. फुकटचे ते घरात घेऊच नका. आणि टायरमध्ये झाडे लावायची जी फॅशन आली आहे तीही नको. टायरच्या कडेत पाणी साचते आणि डेंग्यूचा डास तिथे आनंदाने अंडी घालतो.

डासाचे आणखी थोडे सांगते, कारण भाजीच्या नादात तापाला आमंत्रण गेले तर माझ्या धंद्याला बट्टा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. कुंडीखालची ताटली, पाणी भरून ठेवलेली बादली, झाकण नसलेला पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून घासायचा. नुसते ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात.

आपल्याकडची माती काळी. शेतात ती चांगली, पण डब्यात ती वाळली की दगड होते आणि भिजली की चिखल. शिवाय आपल्या भागात कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षे ऊस घेऊन कितीतरी जमिनी चिबड आणि खारवट झाल्या आहेत. वर पांढरा थर दिसणारी माती आणू नका. दोन घमेली काळी माती, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत, एक घमेले वाळू किंवा नारळाच्या शेंड्यांचा चुरा, एवढे मिसळले की डबा हलका राहतो. कारखान्याची प्रेसमड मिळाली तर उत्तम, पण ताजी गरम असते, दोन-तीन महिने ढीग लावून कुजू द्यावी.

आपल्याकडे एक संपत्ती फुकट पडलेली आहे, ती म्हणजे उसाचे पाचट. तोड झाल्यावर शेतकरी ते पेटवून देतात आणि आकाशात काळी राख उडते. दोन कवळ्या पाचट मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही. हातभर तुकडे करून डब्यातल्या मातीवर चार बोटे जाड पसरा. माती तापत नाही, ओल टिकते, पाणी जवळपास निम्मे लागते, आणि पावसाळ्यापर्यंत कुजून त्याचेच खत होते. चूल जवळ असेल तर पाचट लांब ठेवा एवढेच.

ऊन फार झाले की जुनी सुती साडी दोन दोऱ्यांवर टाकून दुपारपुरती सावली करायची. दोन वर्षांपूर्वी माझ्या दोडक्याला वाचवले ते एका जुन्या निळ्या साडीने.

पाणी

इथे बायका माझ्यावर चिडतात आणि त्यांचे बरोबर आहे. गोदावरीच्या काठावरचे आपले गाव, आणि नळाला रोज पाणी नाही. कालव्याचे आवर्तन लांबले की प्यायला पुरवून वापरायचे, त्यात झाडाला कुठून घालायचे?

म्हणून हिशोब करू. पाचट घातलेल्या एका पंधरा लिटरच्या डब्याला एप्रिलमध्ये रोज साधारण एक लिटर पाणी पुरते. पाच डबे म्हणजे पाच लिटर. डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, भांड्यांचे शेवटचे विसळलेले पाणी एका घरात दिवसाला सहज तेवढे निघते. ते गटारीत न जाता एका बादलीत गेले पाहिजे. त्यासाठी मोरीजवळ एक वेगळी बादली ठेवायची, बाकी काही नाही.

आंघोळीचे साबणाचे पाणी माठ, तांदुळजा अशा कापून खायच्या भाज्यांना घालू नका. ते वेलांच्या आणि शेवग्याच्या बुडाशी घालावे, पानांवर पडू देऊ नये. कपड्याच्या पावडरचे पहिले घाण पाणी कशालाच नको, त्याने माती खारट होते. बाळाचे लंगोट धुतलेले आणि आजारी माणसाचे कपडे धुतलेले पाणी तर अजिबात नाही. जुलाबाची साथ अशीच फिरते.

पाणी घालायची वेळ सूर्य उगवायच्या आधी किंवा मावळल्यावर. आणि हे काम घरातल्या मुलाला द्या, मुलीला नव्हे. मुलगी तशीच हंडा आणते, भांडी घासते. परसबाग म्हणजे बाईच्या डोक्यावर आणखी एक काम झाले तर मला ती नको आहे. जिथे नवरा आणि मुलगा पाणी घालतात त्या घरातली बाग जूनपर्यंत टिकते, आणि जिथे एकटी बाई करते तिथे कांदा काढणी सुरू झाली की वाळते. हे मी चार वर्षे बघते आहे.

कोंभाळण्याची आजी

बी कुठून आणायचे? दुकानात दहा-वीस रुपयांना पाकिटे मिळतात. ती संकरित असतील तर पहिल्या वर्षी भरघोस येते, पण त्याचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले की एक झाड असे, दुसरे तसे. म्हणजे दरवर्षी पुन्हा दुकान. पाकिटावर 'संकरित' लिहिले आहे का ते वाचून घ्या. आपल्या जिल्ह्यातच राहुरीला महात्मा फुल्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे. त्यांची फुले विमुक्ता भेंडी, फुले सुचेता दोडका हे सरळ वाण आहेत, त्यांचे बी घरी धरता येते. राहात्याकडे बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन विचारायला लाजू नका. ते आपल्या कराच्या पैशावरच चालते.

पण बियाण्याची खरी शिकवण मला विद्यापीठाकडून मिळाली नाही. ती आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडून मिळते. आदिवासी महादेव कोळी समाजातल्या, १९६४ चा जन्म, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. नातू सारखा आजारी पडायला लागला तेव्हा त्यांनी औषध मारलेल्या भाजीकडे बोट दाखवले आणि घरापुरते जुने, गावठी बी जमवायला सुरुवात केली. हळूहळू घेवडा, वाल, भात, पालेभाज्या, वेल यांचे चाळीसहून जास्त वाण त्यांच्या घरात जमले. बाएफ संस्थेची साथ मिळाली, मातीच्या घरात बियाणे बँक उभी राहिली, आसपासच्या गावांतल्या बायका तिथून बी नेऊन परसबागा करू लागल्या. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांचे नाव घेतले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

मला त्यांच्यातले काय भावते सांगू? पुरस्कार बाजूला ठेवा. आजारी नातवाकडे पाहून त्यांनी जे विचारले, ते आम्ही शिकलेल्या नर्सनी विचारायला हवे होते. पोर आजारी का पडते, ते काय खाते, ते कुठून येते. त्यांचा भाग डोंगराचा, पावसाचा. आपला कोरडा, सपाट. त्यांचे भाताचे वाण आपल्याला उपयोगी नाहीत. पण वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन "आज्जे, तुझ्याकडं गावठी दोडक्याचं बी हाये का" असे विचारायची रीत इथेही चालते. मी तसे विचारत फिरले तेव्हा एका आज्जीने उतरंडीच्या तळाशी राखेत ठेवलेले घोसाळ्याचे बी काढून दिले. तिच्या आईकडून आलेले. ती म्हणाली, "इतकी वर्सं कुनी मागितलंच न्हाई."

बी जुने असेल तर आधी तपासा. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा. पाच-सहा दिवसांत सात-आठ फुटल्या तर बी चांगले. भेंडी, दोडका, कारल्याचे बी रात्रभर पाण्यात भिजवून पेरायचे. माठाचे बी राईपेक्षा बारीक, ते मूठभर राखेत किंवा वाळूत मिसळून भुरभुरायचे आणि वर नखाएवढीच माती. सगळे बी एकदम टाकू नका. आज एक क्रेट, आठ दिवसांनी दुसरा, असे चार क्रेट केले की दर आठवड्याला एक कापायला येतो. मुळासकट उपटू नका, चार बोटे ठेवून कापा, म्हणजे पुन्हा फुटते.

मावा पडला तर आदल्या वर्षी वेचून वाळवलेल्या लिंबोळ्या कामाला येतात. ५० ग्रॅम गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, गाळून संध्याकाळी फवारायचा. वेलावरच्या लाल भुंग्यांना सकाळी दवात चुलीची राख टाकली तरी पुरते. आणि दुधीला फुले येऊन फळ धरत नसेल तर वस्तीत मधमाशा कमी आहेत असे समजा. नराचे फूल तोडून मादीच्या फुलाला हाताने लावायचे. मादीच्या फुलामागे बारीक दुधी असतोच, ओळखायला सोपे. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, त्यामुळे हे काम कामावरून आल्यावर करता येते.

शेवगा

आता जरा कटू बोलते. सहा माणसांच्या घराला प्रत्येकी १०० ग्रॅम पालेभाजी रोज द्यायची तर ६०० ग्रॅम लागते. चार क्रेटमधून आठवड्याला एक-दीड जुडी निघते. म्हणजे डब्यांनी घर चालत नाही. डब्यांमुळे आठवड्यातले एक-दोन दिवस सुटतात आणि हाताला सवय लागते. खरा भार उचलतो तो शेवगा.

शेंगांसाठी नव्हे, पाल्यासाठी. शेवग्याच्या आणि माठाच्या १०० ग्रॅम पानांत साधारण ४ ते ५ मिलिग्रॅम लोह असते, शिवाय चुना, अ जीवनसत्त्व आणि भरपूर क जीवनसत्त्व. एकदा रुजला की त्याला फार पाणी लागत नाही, जनावर सोडले तर शत्रू नाही, आणि एका झाडाचा पाला चार-पाच घरांना पुरतो. दारात शेवगा लावू नये असे काही जुन्या बायका म्हणतात. त्यात भूतबाधा काही नाही. फांदी ठिसूळ असते आणि वाऱ्याने पत्र्यावर पडते, पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्या येतात, एवढेच त्यामागचे खरे कारण असावे. म्हणून घराला आणि विजेच्या तारेला चिकटून लावू नका. गल्लीच्या तोंडाशी, विहाराच्या कुंपणाला, अंगणवाडीच्या आवारात लावा. अंगणवाड्यांतून आणि उमेदच्या बचत गटांतून परसबागेची मोहीम चालतेच, सेविकाताईंशी बोलून घ्या.

मार्चमध्ये दुधाच्या पिशवीत माती भरून शेवग्याचे बी टोचायचे, जूनच्या पावसात रोप जमिनीत. पीकेएम-१ हा वाण बियांपासून येतो आणि लवकर धरतो. जुन्या झाडाची मनगटाएवढी जाड, कमरेइतकी लांब फांदी मिळाली तर तीही पावसाच्या सुरुवातीला रोवता येते. कमरेच्या वर गेला की शेंडा खुडा. तो झुडपासारखा राहिला पाहिजे, पोरीबाळींचा हात पोचला पाहिजे.

ताटात

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर निम्मे सत्त्व मोरीत जाते. फार वेळ शिजवू नका. थोडे तेल हवेच, त्याशिवाय पानातले अ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. आणि लिंबू पिळा. पालेभाजीतले लोह शरीर सहज घेत नाही, क जीवनसत्त्वाबरोबर ते कितीतरी जास्त घेते. लिंबू महाग झाले तर चिंच, कैरी, आवळा, ओली मिरचीसुद्धा. जेवणावर लगेच चहा पिण्याची सवय मात्र मोडा, चहा लोह अडवतो. एक तास जाऊ द्या. कामावर जाताना चहा-भाकरी खाणाऱ्या बायांना हे अवघड जाते, माहीत आहे. निदान गोळीबरोबर तरी चहा नको.

गोळी बंद करायची नाही. लेख वाचून कुणी गोळ्या फेकून देईल याची मला धास्ती आहे. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. किशोरी मुलींना आठवड्याला एक. आशाताईकडे, उपकेंद्रात फुकट मिळते. शौच काळी होते, पोट थोडे गच्च होते, घाबरू नका. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र न घेता दोन तासांचे अंतर ठेवा. विदर्भातून आलेल्या आपल्या नात्यागोत्यात सिकलसेल आहे. तसे असेल तर रक्त कमी असण्याचे कारण वेगळे असते, मनाने लोह घेऊ नका, आधी रक्ताची तपासणी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेल्यांनी पालेभाजी किती खायची ते डॉक्टरांना विचारावे. शेवग्याची साल आणि मूळ गरोदर बाईने घेऊ नये, पाला भाजीपुरता चालतो.

आणि त्या कांदा काढणीवाल्या बाईने सांगितलेली गोष्ट राहिलीच. भाजी घरात पिकली तरी ती वाढणारी बाई शेवटी जेवत असेल तर तिच्या ताटात रस्साच येणार. आम्ही काही घरांत एक युक्ती केली. पाला भाजीत न घालता पिठात मळायचा. भाकरीच्या किंवा थालीपीठाच्या पिठात मूठभर चिरलेला शेवगा. भाकरी मोजून होतात आणि मोजून वाटल्या जातात, त्यामुळे तिचा वाटा तिला मिळतो. युक्तीने भागले म्हणून प्रश्न सुटला असे नाही. गरोदर सुनेला पहिले ताट वाढा, हे सासूला आणि नवऱ्याला तोंडावर सांगावेच लागते आणि मी सांगते.

सध्या आमच्या वस्तीत रविवारी वंदनेनंतर विहारात बियांची देवाणघेवाण होते. बी झाडावरच पूर्ण वाळू द्यायचे. दोडका हलवला की आत खुळखुळ वाजला पाहिजे. मग सावलीत वाळवून, राख लावून, औषधाच्या रिकाम्या बाटलीत घट्ट झाकणाने ठेवायचे. बाटलीवर भाजीचे नाव आणि महिना लिहून चिकटवा. गेल्या वर्षी माझ्या तीन बाटल्या बिननावाच्या राहिल्या. कारली, दोडका आणि दुधी असेल म्हणून तीन डब्यांत पेरल्या, दारावर मांडव केला, आणि तिन्हींना दुधीच लागले. महिनाभर गल्लीत माझ्यापासून लोक तोंड लपवत होते.